रिपोर्टकाकांचं मराठी

रिपोर्टकाकांना कोणी इंग्रजीत पत्ता विचारला तर ते गांगरून जात. पण 'स्पॉन्डिलोलिस्थेसिस' हा शब्द ते कीबोर्डकडे न बघता, एका हातात चहाचा कप धरून टाइप करत. यवतमाळच्या आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये ते तीस वर्षं टायपिस्ट होते. डॉक्टर फिल्म बघून रेकॉर्डरवर बोलायचे आणि काका ते ऐकून रिपोर्ट तयार करायचे. बी.ए. होऊन मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पोरी, स्पेलिंग डॉक्टरसाठी असते, मराठी पेशंटसाठी. दोन्हीत चूक नको."

'रिपोर्ट फक्त डॉक्टरांना दाखवावा' अशी पाटी काउंटरवर होती. ती काकांनीच टाइप करून लावली होती आणि रोज तेच तो नियम मोडायचे. पाकीट हातात पडलं की माणसं तिथंच फोडत आणि कागद उलटसुलट करून काकांच्या तोंडाकडे बघत बसत. काकांना ते बघवत नसे. एकदा राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कंबरेचा फोटो काढायला आले. रिपोर्टात 'डीजनरेटिव्ह चेंजेस' वाचून त्यांनी मुलाला फोन लावला आणि प्लॉट कोणाच्या नावावर करायचा ते सांगायला लागले. काकांनी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. "कायले घाबरता जी? मणके झिजले म्हणते. पन्नाशीनंतर कोणाचाबी फोटो काढा, हेच लिवून येते. माह्याबी फोटोत येईन." पाच मिनिटांनी तेच गृहस्थ आम्हा दोघांना चहा पाजत होते.

प्रत्येक शब्दाला त्यांच्याकडे मराठी होतं, आणि ते कुठल्या कोशातलं नव्हतं. 'ऑस्टिओफाइट' म्हणजे हाडाला फुटलेला कोंब. 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणजे हाडातला कस गेला. 'डिस्क स्पेस नॅरोइंग' म्हणजे दोन मणक्यांमधली गादी दबली. वाईट शब्दही ते टाळत नसत. कॅन्सर हाडात पसरलेला असला की उठून बाहेरच्या बाकड्यावर त्या माणसाशेजारी जाऊन बसत आणि हळूच म्हणत, "दुसरीकडचं दुखणं हाडात उतरलं हाये." इकडे काम साचायचं, डॉक्टर आतून हाका मारायचे, पण काका हलत नसत. आता काका कामावर येत नाहीत; लोक तेच शब्द मोबाइलवर शोधतात आणि दुप्पट घाबरून येतात. तेव्हा मला त्यांची फार आठवण येते.

चुकीच्या बाबतीत मात्र ते खडूस होते. फिल्म समोर लावली की पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी नवखी असताना एकदा डॉक्टर बाजू सांगायला विसरले, म्हणून मी शहाणपणा करून स्वतःच फिल्म बघितली आणि बोरी अरबच्या एका आजींचा मोडलेला उजवा खुबा डावा करून ठेवला. काका रिपोर्ट देण्याआधी प्रत्येकाला दुखऱ्या जागेवर हात ठेवायला लावत, त्यात ते सापडलं. त्यांनी कागद फाडला. "उद्या म्हातारीचा चांगला पाय उघडतीन, तवा काय करशीन?" मी तोंडावर पाणी मारून आले, तर टेबलावर माझ्यासाठी आलूबोंडा ठेवलेला होता.

काकू कधीमधी त्यांचा विसरलेला डबा घेऊन यायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, पण त्यातून त्या छान सावरल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात पाठ धरली म्हणून त्या फोटो काढायला आल्या. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि रेकॉर्डर उचलून परत खाली ठेवला. शेवटी बोलले, पण "हा रिपोर्ट या पोरीला टाइप करू द्या," असं त्यांनी माझ्याकडे बघत काकांना सांगितलं. काका नाही म्हणाले आणि कानाला हेडफोन लावून बसले. मी मागं उभी राहून वाचत होते. गाठीचं दुखणं तीन मणक्यांत उतरलं होतं. काकांनी एकही अक्षर खोडलं नाही. प्रिंट काढली, दोनदा वाचली आणि पाकिटात घातली.

बाहेर बाकड्यावर काकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. काका दारापर्यंत गेले आणि माघारी आले. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू सांग तिले. मले याचं मराठी येऊन नाही राह्यलं."

मला त्यांचा राग आला. मी जाऊन काकूंशेजारी बसले. त्यांचा हात हातात घेऊन, मला जमेल तसं सांगितलं. पाकीट न उघडता त्या बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "हे त्याईनं टाइप केलं काय?"

मी हो म्हटलं.

"मंग चूक नसन," काकू म्हणाल्या.