पुरळ की वळ?

गेल्या रविवारी दुपारी दीड वाजता किहीमच्या एका नव्या कॅफेत मी मशरूम सॅलड खाल्लं... आणि मंगळवारी सकाळी माझ्या नवऱ्याने मला मारल्याचं चौलच्या आमच्या आळीत जाहीर झालं.

उठले तर मान, पाठ, दंड नुसते खाजत होते. आरशात पाहिलं... लाल, लांबच लांब रेघा, एकीवर एक. वेताने फोडून काढावं तशा.

शेजारची सुमन नारळ द्यायला आली. तिला म्हटलं, "बघ गं, कसलं पुरळ उठलंय." ती डोळे फाडून म्हणाली, "काकी, पुरळ न्हाय हे. वळ हायत!" अगं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्या पट्टीचा प्रसाद खाल्लेली बाई मी, मला वळ कळत नाहीत? पण ऐकते कोण... अंगणात हे जास्वंदीला पाणी घालत होते, त्यांना तिने जाताजाता सुनावलंच. "नाना, या वयात शोभतं काय तुम्हाला?"

आमच्या घरात आवाज चढतो तो माझा. हे मुंगळासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात.

अलिबागच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीनेही ह्यांना बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना?" तिचा मात्र राग आला नाही. तिने विचारायलाच हवं... एखादी खरंच मार खाऊन आलेली असते.

मग तिने खाण्यापिण्याची चौकशी केली आणि उलगडा झाला. शिटाके नावाचं मशरूम नीट शिजवलं नाही, तर काही जणांच्या अंगावर अशाच रेघा उठतात म्हणे. थोड्या दिवसांत जातील. ह्यांनी आमलेट-पाव मागवला होता, म्हणून वाचले... वाचले कसले!

सुमनला सगळं समजावलं, बिचारी ओशाळली. पण आळीत गेलेली बातमी परत बोलावता येते का? हे संध्याकाळी बंदराच्या कट्ट्यावर जायचे थांबलेत. "कंटाळा आलाय," म्हणतात आणि कपाटं आवरत बसतात. बघवत नाही हो...

मशरूम कच्चं होतं म्हणून कॅफेत फोन केला, तर उत्तर काय? "मॅम, आमची डिश अशीच असते."

असते ना? मग तेवढंच लिहून द्या. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवंय. पैसे नकोत, कूपन तर नकोच. पत्र माझ्या नावाने नको, ह्यांच्या नावाने पाठवा, आणि मराठीत... कट्ट्यावर वाचायचंय. हे लाजतील. मी वाचेन.