सायलेन्सरातलं बिऱ्हाड

बायकोचं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी लेकीने घर आवरायला काढलं. मी पडवीत बसून होतो. मला कोणी काही विचारत नव्हतं, तेच बरं होतं. थोड्या वेळाने लेक आतून एक गंजलेला लोखंडी डबा दोन बोटांत धरून बाहेर आली.

"बाबा, ह्या काय? देवाच्या फळयेर कोणी ठेवलेला? भंगारात टाकतंय."

"ताका टाकलंस तर तुका पण टाकीन," मी म्हटलं.

ती रडायला लागली. आई जाऊन सतरा दिवस झालेले आणि बाप असा बोलतो. पण मी खरं तेच बोललो होतो. ते तिला समजावं म्हणून आता लिहायला बसलोय. मी तिसरीपर्यंत शिकलेला, अक्षर बैलमुतं, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नाहीतर वाचू नये.

तो डबा म्हणजे गवत कापायच्या यंत्राचा सायलेन्सर. इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो तिच्यावर तो बसतो आणि आवाज गिळतो. यंत्र कधीच मोडीत गेलं. सायलेन्सर देवाच्या फळीवर, तसबिरींच्या मागे राहिला.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं. मी भाताच्या गिरणीत इंजिनावर होतो. मालकाने गिरणी बंद केली आणि मी घरी बसलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच. मेव्हण्याचं मुंबईहून पत्र आलं की कापडाच्या गिरणीत जागा आहे, दिवाळीच्या आत ये. बायकोला तिथे नेणं शक्य नव्हतं, मेव्हणा स्वतःच एका खोलीत नऊ जणांत झोपायचा. म्हणजे मी तिकडे आणि ती इकडे, वर्षातून एकदा गणपतीला भेट. पत्र वाचून झाल्यावर ती चुलीपाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मीही आत गेलो नाही. आम्ही असलीच माणसं.

तेवढ्यात ते यंत्र आलं. आमच्या गावात समुद्राकडे तोंड करून एक सरकारी बंगला होता, अजून आहे. त्याच्यापुढे मोठं मैदान. तिथला ओव्हरसियर घाटावरचा, कडक इस्त्रीचा माणूस. रेडीकडे खाणवाल्यांच्या बंगल्यावर गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र होतं, त्यांनी नवीन घेतलं आणि जुनं काढलं, ते याने बंगल्यासाठी उचललं. बैलगाडीतून आणलं. उतरवायला चार माणसं लागली. पुढे लोखंडी रूळ, त्यामागे पीळ दिलेली गोल पाती, वर इंजिन, आणि मागून माणसाने दांडा धरून चालायचं. गाभण म्हशीएवढं वजन आणि तिच्याएवढाच हट्टी स्वभाव.

ओव्हरसियरने यंत्र माझ्या पडवीत टाकलं.

"मिस्त्री, हे चालू करा. दिवाळीआधी मुंबईहून मोठे साहेब येणार आहेत. मैदान गालिच्यासारखं दिसलं पाहिजे. यंत्र चाललं, तर बंगल्यावर कायमची जागा तुमची. नाही चाललं, तर तुमचं तुम्ही बघा."

त्याच्या त्या एका वाक्यावर माझी मुंबई अडकून पडली.

शेजारचा म्हातारा तांडेल, जन्मभर गलबतं हाकलेला, काठी टेकत बघायला आला. सगळ्या बाजूंनी फिरला.

"ह्या कशाक?"

"गवत कापूक."

"आणि गोरवां? त्यांका काय आता यंत्र घालतलास खावक?"

असा तो माणूस. पुढचे तीन आठवडे रोज आला.

मी प्लग काढून बघितला. वरची चिनी माती तडकलेली. नवीन प्लग कोल्हापुरात मिळणार. फोंडाघाटावरून ट्रक नेणारा एक ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याच्या खिशात जुना प्लग घातला आणि म्हटलं, असाच आण. त्याने बारा दिवस लावले. एकदा विसरला, एकदा दुकान बंद होतं, एकदा म्हणे प्लग आणलेला पण खिसा फाटका निघाला.

ते बारा दिवस यंत्र पडवीत उभं. बायको त्याच्या दांड्यावर आपलं ओलं लुगडं वाळत घालायची. एक टोक इंजिनावर लोंबायचं.

"गो, ता यंत्र आसा, कपड्यांची दोरी न्हय!"

"पडवीत ऊन खंय येता दुसरीकडे?" ती म्हणायची.

ऊन तिथेही येत नव्हतं. पण बायकोशी उन्हावरून कोण भांडणार?

शेवटी प्लग आला. बसवला, दोरी गुंडाळली, ओढली. इंजिन म्हणालं, फुस्स. परत ओढली. फुस्स. तांडेल म्हणाला, "आमच्या म्हातारेक दमो आसा, तीसुद्धा ह्याच्यापेक्षा बरी खोकता."

ठिणगी पडते की नाही ते बघायला हवं होतं. मी तांडेलला म्हटलं, ही तार जरा धरा. त्याने धरली. मी दोरी ओढली. पुढची उडी त्या वयाच्या माणसाने मारायची नसते.

"शिंगाळ्यान मारल्यान गो बाय!" करून तो ओरडला. शिंगाळा म्हणजे काटा मारणारा मासा, भरलेल्या जाळ्यात हात घातला की तो वसूल करतोच. तांडेल दोन दिवस हात कपाळाला लावून फिरला. पण ठिणगी आहे हे कळलं.

मग मी पेट्रोल बदललं. कार्बोरेटर सोडवून बायकोच्या पितळी वाटीत धुतला. त्या दिवसापासून आठवडाभर आमच्या कढीला पेट्रोलचा वास. मॅग्नेटो उघडला, त्याच्या टोकांना काड्यापेटीची कड घासली. व्हॉल्व्ह बघितले. अख्खं इंजिन चटईवर मांडलं, जसे कोळणी बाजारात वाटे लावतात तसं. परत जोडलं तर एक वायसर उरला. परत सोडवलं, परत जोडलं, आता दोन उरले. दोरी ओढली. फुस्स.

मी म्हटलं, दमट झालंय. सगळा दोष त्या लुगड्याचा. बायकोला बोल बोल बोललो. तिने एक शब्द काढला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता. गप्प बसणारी बाई नव्हती ती. उलट मध्येच विचारायची, "चालू झाल्यार किती हालता ता?" किंवा, "धूर जाता थंय गरम होता काय?" मला वाटलं, बाईला इंजिनात गोडी लागली. मी खूश होऊन तिला पिस्टन कसा चालतो ते दोन हातांनी करून दाखवलं.

साहेब सोमवारी येणार होते. रविवारी सकाळी ओव्हरसियर येऊन माझं तोंड बघून गेला. मी ठरवलं, आता यंत्राला शेक द्यायचा. पेट्रोल काढून घेतलं, एवढी अक्कल होती. अंगणात नारळाच्या सोडणांचा विस्तव केला, तांडेलला हाक मारली आणि आम्ही दोघं यंत्र ढकलत त्याच्याकडे न्यायला लागलो.

बायको आतून धावत आली आणि यंत्रावर बसली. सरळ इंजिनावर, मांडी घालून.

"आधी माका भाजा."

तांडेल म्हणाला, "सून, उतर गो, ती काय घोडी आसा?"

"आत पोरां आसत," ती म्हणाली.

मला वाटलं, या बाईला माझ्या बोलण्याने वेड लागलं. मी आवाज खाली आणून विचारलं, "कोणाची पोरां?"

"कुंभारणीची." तिने सायलेन्सराच्या तोंडाकडे बोट केलं.

मी वाकून बघितलं. नळीचं तोंड चिखलाने बंद, पणतीच्या पाठीसारखं गुळगुळीत लिंपलेलं. कुंभारीण माशी चिखलाचे गोळे आणते, भोक मिळेल तिथे घर करते, आत पोरांसाठी अळ्या भरते आणि दार लिंपून निघून जाते. यंत्र प्लगची वाट बघत उभं होतं तेव्हा तिने ती नळी धरली होती. धुराची वाट बंद, तर इंजिन चालणार कसं? गिरणीतल्या इंजिनाचा धूर छपरातून वर जायचा, त्यामुळे त्या बाजूला बघायची मला सवयच नव्हती. प्लग आल्यापासून मी यंत्राच्या पोटात शिरलो आणि त्याच्या ढुंगणाकडे बघितलं नाही.

आणि बायकोला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत. लुगडं नळीचं तोंड झाकायलाच होतं.

आमच्याकडे मानतात की कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. पोरं उडून जाईपर्यंत ते घर मोडायचं नाही. सहा वर्षांत बायकोने नवस केले, उपास केले, आणि ओटी भरायच्या वेळी बायका तिला टाळून पुढे जात तेही बघितलं. मी याच्यातलं काही बोलत नव्हतो. ती यंत्रावर बसून माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातात पेचकस होता. एकदा खुपसला की काम झालं असतं.

"यंत्र चालला नाय तर माका मुंबयक जावचा लागतला," मी म्हटलं.

"माका ठावक आसा."

"मगे?"

"मगे काय? मिस्त्री तुमी ना? काडा कायतरी वाट."

तांडेल हसता हसता खाली बसला. मी पण पेचकस खाली ठेवला. सायलेन्सर दोन नटांवर बसलेला असतो. अलगद सोडवला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, चतुर्थीला गणपती आणतात तसा, आणि आत नेऊन देवाच्या फळीवर ठेवला.

पेट्रोल भरलं, दोरी ओढली.

पहिल्याच ओढीला यंत्र चालू झालं. पण आवाज गिळणारा डबा नाही! तोफखाना सुटल्यासारखा फाडफाड आवाज, नळीतून वीतभर ज्वाळा. कोंबड्या छपरावर गेल्या. समोरच्या माडावर नारळ पाडायला चढलेला पाडेली तिथेच झावळीला मिठी मारून राहिला. तांडेल तोंड हलवत होता, शिव्या असणार.

आता ते बंद होईना. प्लगवर दाबून बंद करायची पत्र्याची पट्टी कधीच तुटलेली. मी पेचकस लावला तर मलाच शिंगाळ्याने मारलं. शेवटी बायकोने चुलीपाशून लाकडी मुठीचा लोखंडी कलथा आणून दिला. तो प्लगच्या डोक्याला आणि इंजिनाच्या अंगाला एकदम टेकवला. बंद. पाडेली वरून म्हणाला, "उतरू काय आता?"

सोमवारी मी कलथा कमरेला खोचून बंगल्यावर गेलो. साहेब बांगड्याचं झणझणीत तिकलं जेवून झोपले होते. ओव्हरसियर म्हणाला, चारच्या आत मैदान झालं पाहिजे, करा चालू. मी म्हटलं, आवाज आहे जरा. तो म्हणाला, यंत्राला आवाज असणारच. मी केलं चालू.

अर्धं मैदान झालं. तहान लागली म्हणून मी यंत्र नुसतं धडधडत उभं ठेवून मागच्या विहिरीवर गेलो. तेवढ्यात साहेब बनियनवर बाहेर आले आणि हातवारे करायला लागले. ओव्हरसियर यंत्र बंद करायला धावला. त्याने दिसेल ते ओढलं, आणि त्यातला एक दांडा यंत्राला गतीत घालायचा होता. यंत्र निघालं. हा मागून लोंबतोय. एका हाताने प्लग पकडायला गेला आणि कडक इस्त्रीसकट नाचला. यंत्र एकटंच पुढे गेलं, अबोलीचा वाफा कापला, गवतावर वाळत घातलेला साहेबांचा पंचा कापला आणि कुंपणाला टेकून तिथेच माती उडवत बसलं. मी धावत आलो आणि कलथा टेकवला.

एकदम समुद्र ऐकू यायला लागला.

साहेबांनी विचारलं, "कशाने बंद केलंत?"

"कलथ्याने."

"स्वयंपाकाच्या?"

"हो. बायकोचा आहे. संध्याकाळी परत द्यायचा आहे."

साहेब हसायला लागले ते पायरीवरच बसले. मग ओव्हरसियरला म्हणाले, "हा माणूस इथून हलवू नका. नाहीतर हे यंत्र तरी समुद्रात टाका." यंत्र ओव्हरसियरने सही करून घेतलेलं, समुद्रात टाकता येत नव्हतं. मग मला ठेवलं. मेव्हण्याला मी पत्र लिहिलं, येत नाही. कारण लिहिलं नाही, त्याला पटलं नसतं.

पुढच्या आठवड्यात चिखलाला भोक पडलं आणि कुंभारणीची पोरं खिडकीतून गेली. चार होती, असं बायको म्हणायची. मी दोनच बघितली. सायलेन्सर मात्र तिने परत दिला नाही. मी दुधाच्या पावडरीच्या डब्याला भोकं पाडून तो यंत्राला बसवला, बरीच वर्षं चालला.

आणि दुसऱ्या वर्षी आम्हाला लेक झाली. हीच, भंगारवाली.

यावरून आम्ही जन्मभर भांडलो, लेकीच्या माघारी. ती म्हणायची, कुंभारणीने दिली. मी म्हणायचो, आणि मी मुंबईत असतो तर? कुंभारीण काय पोर टपालाने पाठवणार होती? मी घरी होतो म्हणून झालं. ती लाजायची नाही, कलथा उगारायची. म्हातारपणीसुद्धा.

आता मी पडवीत बसून तेच बोलतो आणि आतून कलथा येत नाही. काल लेक बाजारात गेली होती. मी सायलेन्सर पुसला, परत फळीवर ठेवला आणि म्हटलं, "बरां. कुंभारणीनच दिल्यान." घरात ऐकायला कोणी नव्हतं म्हणून म्हटलं. ती असती तर मेलो तरी कबूल झालो नसतो.