ज्यांनी 'लाइव्ह' म्हटलं, ते वर्षभर गप्प आहेत

ज्या कंपनीने प्रशांतला मेल्यावर चोर ठरवलं, तीच आज त्याच्या फोटोला हार घालते आहे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

प्रशांत माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. दापोडीचा. चाकणच्या एका इलेक्ट्रिक बाइकच्या कंपनीत टेस्ट रायडर होता आणि त्यांच्याच टीमकडून रेस खेळायचा.

इलेक्ट्रिक रेस म्हटलं की गल्लीतली पोरं हसायची.
"काय भावा, मिक्सरवर बसून रेस खेळतो म्हणे?"
"हो ना. आणि मागच्यांची चटणी करतो."

असा होता. उत्तर उधार ठेवायचा नाही.

टीमचा प्रमुख महेश. तोही आमच्याच वर्गातला. प्रशांतच्या घरी जेवलेला, त्याच्या लग्नात पंगतीला वाढलेला. हे मुद्दाम सांगतोय. परक्याने असं केलं असतं तर मी एवढा जळलो नसतो.

त्यांच्या शेडमध्ये एक रीत होती.

इलेक्ट्रिक बाइक चालू असली तरी आवाज करत नाही. नुसती उभी दिसते. एकदा चहाचा ट्रे ठेवताना कुणाचा तरी हात थ्रॉटलला लागला आणि बाइक उडी मारून थेट भिंतीवर जाऊन आदळली.

तेव्हापासून नियम झाला. बाइक चालू करण्याआधी रायडरने मोठ्याने ओरडायचं, "लाइव्ह!"
मग शेडमधल्या प्रत्येकाने हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचं, "लाइव्ह!"
एकाचंही उत्तर आलं नाही, तर चावी फिरवायची नाही.

हा नियम महेशनेच केला. चांगला नियम होता.

त्या दिवशी मी शेडमध्येच होतो. संध्याकाळी चिंचवडला माझं व्याख्यान होतं, प्रशांत मला सोडणार होता. मी खुर्चीत बसून त्याचं काम संपायची वाट बघत होतो.

महेश म्हणाला, "पश्या, ब्रेक नवीन सेट केलाय. बाहेर एक राउंड मारून ये, मग जा."

बाहेर म्हणजे रस्त्यावर. रेसचा ट्रॅक तिकडे दक्षिणेत. रोजच्या टेस्टिंगला एमआयडीसीतले रस्ते. तेच खड्डे, तेच ट्रेलर. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि वरच्या केबिनमध्येही माहीत होतं.

प्रशांतने हेल्मेट घातलं. "लाइव्ह!"

सगळ्यांची उत्तरं आली. महेशचं आलं नाही, त्याच्या तोंडात वडापाव होता.

"म्हशा, गिळ आधी. तुझ्यामुळे मी म्हातारा होईन इथे."

सगळे हसले. महेशने घास गिळला आणि हात वर करून म्हणाला, "लाइव्ह!"

मी हे ऐकलंय. माझ्या कानांनी.

पुढच्या वळणावर एका कारखान्याच्या गेटमधून ट्रेलर रिव्हर्समध्ये बाहेर आला. ड्रायव्हरने मागे पाहिलं नाही, आणि बाइकचा आवाज यायचा प्रश्नच नव्हता.

प्रशांत जागीच गेला.

चौकशीत कंपनीने सांगितलं, त्याने परवानगी न घेता बाइक बाहेर नेली. ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या हौसेसाठी.

आणि शेडमधले सगळे म्हणाले, "आम्हाला माहीत नाही."

सगळे. ज्यांच्या होकाराशिवाय ती चावी फिरतच नव्हती, ते सगळे.

मी पोलिसांना सांगितलं, कंपनीला सांगितलं. कंपनीचे साहेब फार नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही बाहेरचे. आमच्या कामाची पद्धत तुम्हाला कशी कळणार?"

मी आयुष्यभर कामगारांच्या सभांत बोलत आलो. माणूस यंत्रापेक्षा मोठा, हे घसा फोडून सांगत आलो. धूर नसलेल्या, स्वच्छ भविष्याच्या बाजूनेही बोललो, आजही बोलेन. पण त्या भविष्याच्या पायाशी एका माणसाला असं गाडून वर फुलं वाहणार असाल, तर ते भविष्य तुमच्या शोरूममध्ये ठेवा.

परवा महेशचा फोन आला. रेसची नवीन बाइक येतेय, प्रशांतच्या स्मृतीला अर्पण. त्याचा मोठा फोटो लावणार.

"तुझ्यासारखा बोलणारा दुसरा कोण आहे राव? पाच मिनिटं बोल त्याच्यावर. फक्त ते जुनं काढू नकोस."
"कुठलं जुनं?"
तो कार्यक्रमाची वेळ सांगू लागला.
"महेश, कुठलं जुनं?"
"मलाही पोरंबाळं आहेत रे," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी प्रशांतच्या बायकोला, अश्विनीवहिनींना विचारलं, जाऊ का? त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"भाऊजी, शाळेत आमच्या पोरीला एकीने विचारलं, तुझे पप्पा स्टंट करताना गेले ना? ही घरी येऊन मला विचारते, स्टंट म्हणजे काय. मला त्यांचा फोटो नको, हार नको. तो कामावर होता एवढं त्यांच्यातल्या एकाने म्हणावं. पोरीला सांगायला मला तेवढं पुरे."

मी कार्यक्रमाला गेलो नाही. माझं भाषण हेच.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. 'रायडर कधी मरत नाही' असलं काही लिहू नका. तो मेला आहे.

त्या दिवशी शेडमध्ये असलेल्यांपैकी बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोहोचते आहे, मला माहीत आहे. तुम्ही वाईट माणसं नाही. तुमचे हप्ते आहेत, नोकऱ्या आहेत, भीती आहे. सगळं मान्य.

तरी एकाने लिहा. 'प्रशांत ड्युटीवर होता.' बस, एवढंच.

महेश, तू लिहिलंस तर मी तुझ्या दारात येऊन तुला मिठी मारीन. नाही लिहिलंस, तर माझ्या दारात येऊ नकोस.

प्रशांत, श्रद्धांजली आज वाहत नाही. तुझ्या नावावरचा हा डाग गेला की वाहीन.

तू जा, मित्रा. इथलं भांडण मी बघतो.