पायात बांधलेलं घड्याळ

परळीत आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी आहेत. ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, आणि मी गप्प बसले तरी त्यांना चालतं. साखर वाढली म्हणून मुलाने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. शिवताना त्यांचे पाय दिवसभर मशीनचं पायडल मारत असतात, पण मनगट कापडावर टेकलेलं. त्यामुळे घड्याळ म्हणायचं, तुम्ही बसूनच आहात.

"असंच बसून दिसले तर पोरगा मशीन विकतो म्हणतोय," मावशी म्हणाल्या.

मी लाजत सुचवलं, पायात बांधून बघा. दुसऱ्या दिवशी घड्याळाने त्यांना शाबासकी दिली. मला वाटलं, मशीन वाचली. पण मावशींनी वाकून पट्टा सोडला.

"आधी कमी सांगत होतं, आता लई सांगतंय. एवढं कुठं चालले गं मी?"

"मग मशीन?"

"ती न्हाई विकू द्यायची." त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं, थर्मल वीजकेंद्राची राख बसू नये म्हणून मशीनवर फडकं टाकलं आणि चपला शोधल्या. "चल माय, देवळापर्यंत जाऊन येऊ. खरंखुरं चालून दाखवते त्याला."