फोटोच्या जागी पांढरी चौकट

केजला माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पाट्या. रंग आणि अक्षरं मला कळतात, कोड कळत नाही. पुण्यात प्रोग्रामर असलेल्या माझ्या वर्गमित्राने खास माझ्यासारख्यांसाठी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बनवली होती. फोटोच्या नावापुढे 'सरकता' एवढा शब्द लिहायचा, की वेबपानावर फोटो आपोआप सरकायला लागतात.

ती लायब्ररी वापरून केलेली पहिली पत्रिका एका मेंढपाळ मामांच्या मुलीची. त्यांची निम्मी भावकी ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली, म्हणून पत्रिका मोबाईलवर पाठवायची होती. माझ्या कॉम्प्युटरवर नवरा-नवरी छान सरकत होते. मी पान इंटरनेटवर चढवलं आणि मामांनी दुकानात बसूनच सगळ्यांना लिंक धाडली.

थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि चेहरा उतरला.

"ताई, फोटू कावून दिसंनात? पांढरी चौकट हाय नुसती. चुलता इचारतोय, लग्न मोडलं का काय?"

मी माझ्या मोबाईलवर उघडलं. खरंच पांढरी चौकट. चूक कुठे आहे, त्याचा एक शब्द पानावर नव्हता. मित्राला फोन लावला, त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मामांचा फोन परत वाजला. या वेळी त्यांनी तो उचललाच नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी मित्राचाच फोन आला. मी झालेलं सांगितलं.

"फोटोच्या फाईलचं नाव वाच. पहिलं अक्षर कोणतं?"

"पी."

"मोठा की लहान?"

"फाईलला मोठा. पानात मी लहान लिहिलाय."

"तेच. तुझ्या कॉम्प्युटरला चालतं, पान जिथे चढवलंस त्या सर्व्हरला नाही."

मी नावं बदलून पान पुन्हा चढवलं. फोटो आले. मामांनी चुलत्याला फोन लावून सांगितलं, "आता उघडून बघा. लग्न हाय, समद्यांनी यायचं." मग पाणी मागितलं.

ते गेल्यावर मी मित्राला म्हणाले, "चुकलं तर तुझ्या लायब्ररीने सांगायला नको का? ती गप्प बसली."

"कन्सोलमध्ये सांगते ती, आम्ही प्रोग्रामर चुका बघतो तिथे," तो म्हणाला.

"ते कुठे असतं, मला काय माहीत?"

तो जरा चिडला. पण आठवड्याभरात त्याने नवी आवृत्ती पाठवली. मी मुद्दाम नाव चुकीचं टाकलं. चौकटीत मराठीत उमटलं: 'हा फोटो सापडला नाही. नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा.'

वाचून मी त्याला लगेच पुढची तक्रार कळवली: अक्षरं फार बारीक आहेत.