त्या संक्रांतीचं कुंकू

तीळ भाजल्याचा वास आला की माझा हात अजून आखडतो. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या घरी मी संक्रांतीचं हळदी-कुंकू केलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे पाय ओढत चालते हे सगळ्यांना दिसायचं, पण डोक्यातून गोष्टी निसटतात हे मी घरातही लपवलं होतं. माझी अर्धापूरची मैत्रीण तिच्या जावेला हळदी-कुंकवाला सोडायला आली आणि दारातच थांबली. "आत ये की, परकी हायस का?" म्हणत मी तिला हाताला धरून आणलं, हळद लावली, कुंकू टेकवलं, आणि बायकांचं बोलणं एकदम थांबलं. तिचा नवरा दिवाळीत गेला होता. मी मातीला गेले होते, तिला कवेत घेऊन रडले होते, आणि त्यातलं काहीच मला आठवलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "लई चांगलं केलंस बाई. कुणीतरी करायलाच पाहिजे होतं." मी मान खाली घातली, बायकांना तो माझा मोठेपणा वाटला. निघताना चपला घालत मैत्रिणीनं हळूच विचारलं, "विसरलीस ना गं?" मी हाव म्हणाले. "मग कुणाला सांगू नको," ती म्हणाली आणि कुंकू न पुसता गेली. आता दर संक्रांतीला काकू नव्या सुनांना माझं धाडस सांगतात, मैत्रीण कपाळ पुढं करते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळतो.