अठरा सह्या

कृषी कार्यालयातला तो कारकून टेबलामागे पुस्तकी मराठी बोलतो आणि एसटी स्टँडवर मालवणी. त्याची पुस्तकी मराठी ऐकली की माझं डोकं फिरतं, कारण त्या भाषेत माझा एक कागद नेहमी कमी असतो.

काजू लागवडीच्या अनुदानासाठी दोन वर्षं मी त्याच्याकडे खेपा घालतोय. आमचा सातबारा सामायिक. माझ्याशिवाय अठरा नावं, त्यातली बरीचशी मुंबईत. "सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा," असं म्हणून तो माझ्या अर्जासाठी काढलेली टाचणी परत डबीत ठेवतो.

एकदा स्टँडवर त्यानेच खांद्यावर हात ठेवला. "अरे, चतुर्थीक सगळे घराक येतले. तेव्हाच सह्यो घे. मीच येतंय."

आणि खरंच आला. आरती संपताच संमतीपत्र घेऊन एकेकाला गाठत सुटला. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या माझ्या दोन काकांना त्याने एकाच बाकावर बसवून सह्या घेतल्या. म्हाताऱ्या काकीचा अंगठा उमटवून झाल्यावर स्वतःच्या रुमालाने पुसला. मोदकालाही थांबला नाही.

सुट्टीनंतर मी कागद टेबलावर ठेवला. त्याने अठराही सह्यांवरून बोट फिरवलं.

"या कोणासमोर झाल्या?"

"तुमच्याच समोर."

"मी त्या दिवशी रजेवर होतो. साक्षीदाराची सही आणा. हिस्सेदाराच्या घरचा चालणार नाही, बाहेरचा हवा."

टाचणी डबीत गेली. त्या दिवशी आमच्या घरात बाहेरचा असा तो एकटाच होता.